दारामागचं खोकं

लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबली ती जमिनीपासून दीड वीत वर, आणि दार उघडलं. एवढंच झालं. लिफ्टच्या तपासनीसाला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं; याच तक्रारीसाठी त्याला त्या इमारतीत बोलावलं होतं. त्याने गुडघा टेकला, टेप लावली, तीनशे दहा मिलिमीटर हा आकडा फॉर्मवर लिहिला आणि पुढे लाल शाईने ‘धोकादायक’ असा शेरा मारला. दहा मिलिमीटरपर्यंत चालतं, अकराव्याला तो सही करत नसे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कुणाला बोटभर सूट दिली नव्हती. लिफ्ट बसवणारे कारागीर त्याच्या मागे त्याला ‘मिलिमीटर’ म्हणत, ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते मनातून आवडायचंही. तर तो शेरा मारून उठतोय तोच त्याच्या लक्षात आलं की लिफ्टसाठी एक म्हातारी बाई कधीची मागे उभी आहे. हातात भाजीची पिशवी, पायांत मऊ चपला. तिने त्या दीड विती उंचीकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जागची हलली नाही. रखवालदार चांगला मनुष्य होता, पन्नाशीचा, हसतमुख. तो पुढे झाला आणि म्हणाला, “आजी, थांबा, उचलून ठेवतो तुम्हाला आत. वजन ते काय तुमचं, कापूस नुसता.” बाजूचे दोघंतिघं हसले. म्हातारीही हसली. हसता हसता ती दोन पावलं मागे सरकली, पिशवी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि म्हणाली, “नको हो. मला कुठे घाई आहे? तुम्ही व्हा पुढे.”

तपासनीसाने लिफ्ट बंद करायला लावली, बाईंना बसायला खुर्ची आणवली, कारागिराला दोन शब्द सुनावले. सगळं रीतसर केलं. पण तिचं ते हसणं त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. ओठ हसत होते आणि बोटं पिशवीच्या बंदात रुतली होती. हे हसणं त्याने पाहिलेलं होतं, अगदी जवळून, आपल्या छातीशी. तेव्हा त्याला त्यातले फक्त ओठ दिसले होते. तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. कारागिराला वाटलं साहेब आणखी काहीतरी चूक शोधताहेत, म्हणून तो बिचारा घाम पुसत स्वतःच कबूल करायला लागला की वरच्या मजल्यालाही थोडा फरक पडतो. ते त्याच्या कानांवरून गेलं. त्याला दिसत होता एका लग्नाच्या हॉलचा पोर्च, गेल्या वर्षीचा. जेवणं उरकून लोक निघालेले, गाड्यांची रांग लागलेली, मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि त्याच्या नव्या उंच गाडीच्या उघड्या दारापाशी त्याची आई उभी. चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ, इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ. ती एक पाय वर टाकायची, पोचायचा नाही, खाली घ्यायची. दोनदा झालं, तीनदा झालं. मग याने काय केलं, तर मागून जाऊन तिला अलगद उचललं आणि “चला, पार्सल आलं!” म्हणत सीटवर ठेवून दिलं. सगळा पोर्च हसला. कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरलं. मुलगा असावा तर असा, असंही कुणीतरी लिहिलं. त्याने ती गोष्ट पुढे किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही. आई समोर बसलेली असतानाही सांगितली, उचलण्याच्या अभिनयासकट. आई दरवेळी हसली होती.

आणि त्यानंतर ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती.

त्याने ऑफिसला फोन करून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “घरी जरा काम आहे. राहिलंय.” गाडी चालवताना त्याला पहिल्यांदाच जाणवलं की आपण किती वर बसलो आहोत. गाडी घेतली ती याच हौसेने. आयुष्यभर बुटक्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलो, आता जरा वरून जग बघू, असं तो शोरूममध्ये म्हणाला होता. तिथल्या मुलीने दाराखालची ती लांब पायरी दाखवली होती. दोन्ही बाजूंना बसते, घरात वडीलधारं कुणी असलं तर बरी पडते, आमचा माणूस अर्ध्या तासात बसवून देईल. त्याने दुसऱ्या गाडीला बसवलेली पायरी वाकून पाहिली, एका बोल्टला बोट लावलं आणि म्हणाला, “हा तुमचा माणूस? याला वॉशर कुठे आहे? राहू दे. यात काय आहे, घरी मी बसवतो.” ती मुलगी हिरमुसली, बायकोने आढ्याकडे पाहिलं. तेव्हा आई मागे उभी होती. तिने एकदा त्या पायरीकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. बोलून उपयोग नसतो हे तिने त्याच्या लहानपणीच ओळखलं असावं.

सुरुवातीला तिच्यासाठी एक लाकडी स्टूल होतं. स्वयंपाकघरातलं, वरच्या फळीवरचे डबे काढायचं. बायको ते गाडीत ठेवायची, आई त्यावर पाय देऊन वर चढायची आणि काम भागायचं. एका रविवारी त्याने ते स्टूल फरशीवर ठेवून हलवून पाहिलं. एक पाय चार मिलिमीटर आखूड. “हे धोकादायक आहे,” तो म्हणाला, “यावरून ती पडली तर?” आणि त्याने ते खाली कचऱ्याच्या खोलीत नेऊन टाकलं. लग्न दुसऱ्याच दिवशी होतं; जाताना आई नातेवाइकांच्या गाडीतून गेली होती. स्टूल नाही आणि पायरीही नाही, अशी ती त्या पोर्चमध्ये उभी होती, ती त्याच्याच शेऱ्यामुळे. हे आज, सिग्नलला थांबलेला असताना, त्याला पहिल्यांदा असं ओळीने दिसलं. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा तो भानावर आला.

लग्नानंतर पंधरा दिवसांत त्याने पायऱ्या मागवल्या होत्या, हेही खरं. लांबलचक खोकं आलं, दोन माणसांनी धरून आणलं. पॅसेजमध्ये बाहेरच्या दारामागे ते आडवं ठेवलं, फक्त रविवारपर्यंत. त्या रविवारी त्याच्याकडे सतराचा पाना नव्हता. पुढच्या रविवारी पाना होता, पण गंज न लागण्याचा स्प्रे चांगल्यापैकी मिळेना. मग पाहुणे आले, मग पाठीत उसण भरली, मग त्याने इंटरनेटवर वाचलं की त्यातले बोल्ट हलक्या प्रतीचे असतात, तेव्हा चांगल्या प्रतीचे शोधण्यात एक महिना गेला. शेजारच्या गॅरेजवाल्याने दोनदा सांगितलं, द्या इकडे, चहा होईपर्यंत बसवतो. पण दुसऱ्याच्या कामावर विश्वास टाकायचा तर त्याच्या जिवावर येई. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून त्याचा हात असा झाला होता की तो कुणाला काम करू देईना आणि स्वतःचा हात लावीना. खोकं तसंच राहिलं. घरातल्या वस्तूंना एकदा जागा मिळाली की त्या तिथल्याच होतात. खोक्यावर आधी रद्दी आली, मग छत्र्या आल्या. मग आईने रद्दी आणि छत्र्या उचलून दुसरीकडे ठेवल्या आणि एका टोकावर जुनी चादर चौपदरी घालून ती रोज संध्याकाळी त्यावर बसून चपला घालायला लागली. बसायची, उजवी चप्पल, डावी चप्पल, खोक्यावर हात टेकून उठायची आणि खाली बागेत चार फेऱ्या मारायला जायची. त्याला ते सोयीचं वाटलं. “बघ, तुझी पायरी घरातच कामाला आली,” असंही तो एकदा म्हणाला होता. हेही त्याला आत्ताच आठवायचं होतं.

तो घरी पोचला तेव्हा बायको कपडे वाळत घालत होती आणि आई तिच्या खोलीत खिडकीपाशी पेपर वाचत होती. त्याने कपडे बदलले, हत्यारांची पेटी काढली आणि दारामागचं खोकं एका टोकाने उचललं. चादर घसरली. खालचा पुठ्ठा बसून बसून खोलगट झाला होता. आई आवाज ऐकून दारात आली. चष्मा कपाळावर सरकवून तिने खोक्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“आज शनिवार आहे,” ती म्हणाली.

“हो. रजा घेतली अर्धा दिवस. आज बसवूनच टाकतो. उद्या जायचंय ना मावशीकडे.”

“मावशीकडे,” आई म्हणाली. नुसता तो शब्द तिने परत उच्चारला, जणू त्याचं वजन करून पाहिलं. मग वाकून चादर उचलली, झटकली, घडी केली आणि आत गेली.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दोन तासांच्या अंतरावरच्या गावी राहायची, आणि गेल्या महिन्यात ती वारली होती. उद्या तिचं भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. मावसबहिणीचा फोन आला होता: संध्याकाळी किल्ल्या परत द्यायच्या आहेत, त्याआधी तुझ्या आईला घेऊन ये, माझ्या आईच्या वस्तूंतलं तिला काय हवं ते तिने आपल्या हाताने निवडू दे. त्याने सकाळी आईला विचारलं होतं आणि आईने नेहमीचंच उत्तर दिलं होतं, “तूच जाऊन ये.” हेच उत्तर ती वर्षभर देत होती. मावशी आजारी पडली तेव्हाही. मावशी अंथरुणाला खिळली तेव्हाही. “फोनवर बोलणं होतंच की रोज,” असं म्हणायची. तो दोनदा एकटाच गेला. त्याला मनातून आईचा रागच आला होता. सख्खी बहीण आजारी आणि ही हटून बसते म्हणजे काय. बायको म्हणाली होती, भाड्याची छोटी गाडी करू, त्यात त्यांना बसता येईल. त्यावर तो म्हणाला, “घरात एवढी गाडी उभी असताना? लोक काय म्हणतील?” हे वाक्य आठवल्यावर जिन्यात खोकं खांद्यावरून घसरलं आणि त्याने ते घाईने सावरलं. शेवटचा संस्कार झाला त्या दिवशीही आई गेली नाही. आता काय बघायचं, म्हणाली आणि तिच्या खोलीचं दार लोटून बसली.

पार्किंगमध्ये दुपारची शांतता होती. त्याने गाडीखाली जुनं गोणपाट अंथरलं, खोक्याच्या चिकटपट्ट्या कापल्या. आत दोन लांब काळ्या पायऱ्या, त्या पेलणारे सहा लोखंडी कंस, बोल्टच्या पिशव्या आणि एक कागद, ज्यावर एक अक्षरही नव्हतं, नुसती चित्रं. तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला. वरून एवढी दिमाखदार गाडी, खालून पाहिली तर चिखल, तारा आणि ओरखडे. गाडीच्या पोटाला भोकं आधीपासूनच पाडलेली असतात, रबरी टोप्या घालून बंद केलेली. टोप्या काढायच्या आणि कंस कसायचे. गाडी बनवणाऱ्यांनीसुद्धा कुणाच्या तरी आईचा विचार करून ठेवला होता. त्याने पहिला कंस लावला, दोन बोल्ट चढवले आणि दात आवळून घट्ट पिळले. दुसरा लावला, पिळला. तिसरा लावला. मग पायरी उचलून त्यावर धरली तर भोकाला भोक जुळेना. पुढचं जुळलं तर मागचं बोटभर सरकलेलं. त्याने ढकललं, ठोकलं, शिवी हासडली. मग त्याला उमगलं की डाव्या बाजूचे कंस त्याने उजवीकडे लावले आहेत, आणि वर पहिल्यापासून घट्ट आवळूनही ठेवले आहेत. सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावावेत, सगळं जागेवर बसलं की मगच आवळावेत, हे तो गेली सव्वीस वर्षं लोकांना ऐकवत होता. एखाद्या कारागिराने हे केलं असतं तर त्याने त्याला उभा-आडवा घेतला असता. तो गाडीखाली तसाच पडून राहिला. कानाशी गोणपाटाचा वास, डोळ्यांत माती. आणि तिथे पडल्या पडल्या त्याला एक आवाज ऐकू आला, आईचा, पण आताचा नव्हे.

आई नर्स होती. तीस वर्षं तिने वॉर्डात माणसं उचलली. लहानपणी शाळा सुटली की तो तिच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायचा आणि दाराच्या फटीतून बघायचा. थोराड पुरुष, सुजलेल्या बायका, सगळ्यांना ती उचलायची, कुशीवर वळवायची, खुर्चीत बसवायची. पण आधी नेहमी वाकून त्यांच्या कानाशी विचारायची, “उचलू का?” माणूस शुद्धीत नसला तरी विचारायची. समोरच्याने मान हलवेपर्यंत तिचे हात अंगाला लागायचे नाहीत. पुढे त्याचे वडील आजारी पडले, वर्षभर बिछान्यात होते. तेव्हा तो कॉलेजात होता. दिवसातून दहा वेळा त्याला शेजारच्या खोलीतून ते ऐकू यायचं, उचलू का, आणि मग वडिलांचा बारीक हुंकार. एकदा घाईत त्याने वडिलांना सरळ काखेत हात घालून ओढलं होतं. आईने त्याला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, “माणूस आहे तो, गाठोडं नाही. विचारून हात लावायचा.” त्याला ते तेव्हा पटलं होतं. पटलेलं माणूस किती दिवस लक्षात ठेवतो कोण जाणे. त्याने तर विसरून वर विनोद केला होता. जिने सगळ्यांना विचारून उचललं, तिला भर लोकांत न विचारता उचलून त्याने पार्सल म्हटलं होतं.

मावशीलाही ते कळलं होतं. पहिल्या भेटीत उशांना टेकून बसलेली मावशी म्हणाली होती, “तो तुमचा व्हिडिओ आला होता रे माझ्या मोबाईलवर. ताईला कुणी उचललेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.” तो हसला होता. त्याला वाटलं मावशी कौतुक करते आहे. दुसऱ्या भेटीत तिला बोलताना धाप लागत होती. तिने त्याचा हात धरला आणि विचारलं, “खोकं उघडलंस का रे?” “तुलाही कळलं का खोक्याचं?” तो म्हणाला, “या रविवारी नक्की.” तिने डोळे मिटले. झोप आली असेल म्हणून तो हळूच उठला. त्या रविवारी त्याने काय केलं होतं, हे गाडीखाली पडून आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही. मोठं काही कारण असतं तर आठवलं असतं.

बायको चहा घेऊन आली तेव्हा त्याने सगळे कंस काढून परत लावायला घेतले होते. ती खोक्याच्या मोकळ्या पुठ्ठ्यावर बसली. पायऱ्या, कंस, बोल्ट सगळं तिने एकदा डोळ्यांखालून घातलं.

“एवढंच होतं?” ती म्हणाली.

“एवढंच.” त्याने गाडीखालून हात बाहेर काढून कप घेतला. “आई कधी काही बोलली का गं तुझ्याशी? या खोक्याबद्दल?”

तिने एक बोल्ट उचलून परत पिशवीत टाकला. मग म्हणाली, “आता विचारताय म्हणून सांगते. दोनदा मला म्हणाल्या, त्यातलं कधी बसणार आहे. आणि म्हणाल्या, त्याला सांगू नकोस. आठवण करून दिली की त्याला बोट ठेवल्यासारखं वाटतं.”

“मग तू मला सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

दोघांनाही ते उत्तर ठाऊक होतं.

“रोज संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर बोलायच्या ना,” बायको म्हणाली. ती आता त्याच्याकडे बघत नव्हती, पुठ्ठ्याचा कोपरा दुमडत होती. “आई त्या खोक्यावरच बसून बोलायच्या. मी आत भाजी चिरत असायचे, ऐकू यायचं. मावशी तिकडून विचारायच्या, बसली का गं पायरी? आणि आई म्हणायच्या, नाही अजून. बसली की त्याच दिवशी निघते बघ. मग दोघी हसायच्या. महिनोन्‌महिने चाललं होतं हे. शेवटी शेवटी मावशींना बोलवत नव्हतं, तर आईच आपणहून सांगायच्या. नाही गं अजून. आज नाही.”

चहा निवला. बायको कप घेऊन वर गेली. जाताना तिने त्याच्या गुडघ्याला नुसता हात लावला, आणि त्याला ते फार अवघड वाटलं. दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. त्याला वाटत होतं की आई रुसली आहे, हटली आहे, म्हातारपणी माणसं अशीच होतात. ती तर नुसती वाट पाहत होती. हटून बसलेल्या माणसावर रागावता येतं. वाट पाहणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं?

मग काम झरझर झालं. सगळे बोल्ट त्याने हाताने सैल चढवले, पायरी कंसांवर टेकवली, भोकं आपोआप समोर आली. आडवी पातळी पाहिली, मग पान्याने एकेक आवळत गेला, पुढचा, मागचा, मधला. एक बाजू झाली. दुसरी बाजू तर पाऊण तासात आटोपली. शेवटी तो स्वतः पायरीवर उभा राहिला, दोनदा उड्या मारल्या. पायरी हललीसुद्धा नाही. सवयीने त्याने टेप काढली. जमिनीपासून पायरी अठ्ठावीस सेंटीमीटर, पायरीपासून गाडीची जमीन चोवीस. दोन्ही चालण्यासारखे आकडे. मग त्याने घड्याळ पाहिलं. चुकीचे कंस काढून परत लावण्याचा वेळ धरून, चहा धरून, नुसतं पडून राहिलेला वेळ धरून, दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. त्याला वाटलं होतं पाच-सहा तास तरी जातील. जायला हवे होते. निदान एक पूर्ण दिवस, निदान अंधार पडेपर्यंत. एवढं अवघड काम होतं, असं कुणाला तरी सांगता आलं असतं.

साडेपाचला लिफ्टचं दार उघडलं आणि आई आली, फेऱ्यांना निघालेली. चपलांचे बंद नीट लागले नव्हते. बसायला खोकं नव्हतं, भिंतीला धरून घातल्या असाव्यात. ती गाडीपाशी येऊन थांबली.

“झालं?”

“झालं. बघ ना बसून.” त्याने दार पूर्ण उघडलं. त्याचे हात आपोआप पुढे झाले आणि त्याने ते मागे घेतले. मग त्याने विचारलं, “हात देऊ का?”

आईने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न तिने ओळखला असावा.

“नको,” ती म्हणाली. “तू तिकडे उभा राहा.”

तो दोन पावलं मागे सरकला. वॉर्डातली खाट हलवण्याआधी तिच्या चाकांची कळ लागली आहे की नाही हे ती जसं पायाने दाबून पाहायची, तसं तिने आधी पायरी दाबून पाहिली. मग दारावरची मूठ धरली, उजवा पाय पायरीवर, डावा आत, आणि ती सीटवर बसली. किती सहज. पदर नीट केला. समोरच्या काचेतून पार्किंगची भिंत आणि त्यावरचा पाण्याचा पाईप एवढंच दिसत होतं, तिकडे ती बराच वेळ पाहत राहिली. जणू गाडी चालू आहे आणि रस्ता मागे पडतो आहे.

“किती वेळ लागला?” तिने विचारलं.

पूर्ण दुपार गेली, असं म्हणण्याचा मोह त्याला झाला. “दोन तास चाळीस मिनिटं,” तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग त्याला राहवेना. उद्या सकाळी लवकर निघू, ऊन व्हायच्या आत पोचू, मध्ये एकदा थांबू, तुला पाय मोकळे करता येतील, मावशीचं जे जे हवं ते सगळं आणू, गाडीत चिक्कार जागा आहे, असं तो भराभर बोलत सुटला. तिने त्याला सगळं बोलू दिलं. मग ती वळली आणि तोंड गाडीकडे, पाठ बाहेर, मूठ हातात, अशी पायरीवर एक पाय आणि जमिनीवर दुसरा ठेवत उतरली, तिच्या रोग्यांना ती शिकवायची अगदी तशीच. खाली उभी राहिली. श्वाससुद्धा लागला नव्हता.

“तेव्हाही जमलं असतं मला,” ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तक्त्यावर ताप लिहिताना ती आकडा सांगायची, तसं तिने सांगितलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. आई, माझं चुकलं, एवढे तीन शब्द तर होते. ते तोंडाशी आले, आणि आपण ते इतक्या उशिरा म्हणतोय याचीच त्याला इतकी लाज वाटली की ते तिथेच राहिले.

“उद्या तू जाऊन ये,” आई म्हणाली. “सामान उचलायला मावशीच्या मुलीला मदत कर. माझ्यासाठी काही आणू नकोस. मला काही वस्तू नको होत्या रे.”

ती बागेच्या बाजूला चालायला लागली. चार पावलांवर थांबली, वाकून डाव्या चपलेचा बंद लावायला गेली, तो जमेना. तिने आजूबाजूला पाहिलं, बसायला काही आहे का. मग परत गाडीपाशी आली, त्याच्या समोरच नव्या पायरीवर बसली, उजवी चप्पल नीट केली, डावी नीट केली, पायरीवर हात टेकून उठली आणि गेली. तो दार धरून उभाच होता.